फौजीच्या मनाची जखम : नाव मिळायला लागली पासष्ट वर्षं



मागे आम्ही माजी सैनिकांच्या कुटुंब पेन्शनवर बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले ते कागदपत्रांबद्दल कमी आणि घरातल्या माणसाबद्दलच जास्त होते. ‘रात्री ओरडत उठतात.’ ‘लग्नात फटाके वाजले की मांडवातून निघून जातात.’ ‘पोरांवर विनाकारण हात टाकतात आणि मग स्वतःच रडत बसतात.’ ‘तिकडं काय झालं ते कधी सांगतच नाहीत.’ कुणी उतारा टाकून पाहिला होता, कुणी देवऋष्याकडं जाऊन आलं होतं. बऱ्याच जणींनी मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. फौजीची बायको म्हणून गावात मान असतो. त्या मानाखाली हे झाकून ठेवायचं, अशी आपली रीत.

या दुखण्याला डॉक्टर ‘पीटीएसडी’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर मोठ्या आघातानंतर मनात राहून गेलेला ताणाचा आजार. हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात आलं १९८० साली. त्याआधी काय म्हणत होते, नाव कसं मिळालं आणि उपचार कुठून आले, ते आज सांगतो. ही गोष्ट बरीचशी इंग्लंड-अमेरिकेत घडली, कारण तिच्या नोंदी तिथं जास्त झाल्या. पण ऐकताना तुम्हाला ती लांबची वाटणार नाही, कारण तिच्यात जागोजाग बायका आहेत.

सुरुवात एका विधवेपासून करू. तिचं नाव गर्ट्रूड फार. नवरा हॅरी फार इंग्लंडच्या पलटणीत साधा शिपाई. पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं आणि हॅरी फ्रान्सच्या खंदकात गेला. तोफगोळ्यांच्या भडिमारात काही महिने काढल्यावर १९१५ मध्ये त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. पाच महिने तो तिथं होता. हात इतके थरथरायचे की बायकोला पत्र लिहायचं तर नर्सला सांगून लिहून घ्यावं लागे. पुढं त्याला परत लढाईवर पाठवलं. सप्टेंबर १९१६ मध्ये त्यानं सांगितलं, मला आता सहन होत नाही, मी पुढं जाऊ शकत नाही. लष्करी कोर्टात त्याचा खटला अवघी वीस मिनिटं चालला. त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. आरोप होता भ्याडपणाचा. १८ ऑक्टोबर १९१६ च्या पहाटे त्याच्याच सैन्यानं त्याला गोळ्या घातल्या. वय पंचवीस. घरी तीन वर्षांची मुलगी.

गर्ट्रूडची पेन्शन बंद झाली. भ्याडाच्या विधवेला पेन्शन नाही. तिनं लोकांच्या घरी काम करून मुलगी वाढवली आणि नवरा कसा मेला हे लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. खुद्द मुलीलाही बाप कसा गेला हे कळलं तेव्हा ती चाळिशीला आली होती.

आता हॅरीला झालं काय होतं? त्या काळी त्याला ‘शेल शॉक’ म्हणत, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं १९१५ च्या फेब्रुवारीत वैद्यकाच्या एका नामांकित मासिकात हा शब्द पहिल्यांदा छापला. आधी वाटलं, जवळ गोळा फुटल्यामुळं मेंदूला हादरा बसत असेल. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नाही, तेही शिपाई थरथरत होते. कुणाची वाचा गेली होती, कुणाला दिसेनासं झालं होतं, कुणाचे पाय चालत नव्हते, आणि अंगावर ओरखडाही नव्हता. इंग्लंडच्या सैन्यात असे सुमारे ८० हजार रुग्ण निघाले. आकडा एवढा वाढल्यावर १९१७ मध्ये लष्करानं काय करावं? ‘शेल शॉक’ हा शब्द वापरूच नका, असा हुकूम काढला. कागदावर लिहायचं, ‘मज्जातंतूंचा त्रास, निदान अजून व्हायचंय’. शब्द खोडला की आजार गेला, हे सरकारी गणित आपल्याला नवं नाही.

शिपायांच्या या लक्षणांना डॉक्टरांकडं एक जुनं नाव तयारच होतं, हिस्टेरिया. हा शब्द आपल्याकडंही चालतो. एखादी सून बेशुद्ध पडली, दातखीळ बसली की ‘हिस्टेरिया आहे’ म्हणतात. मूळ ग्रीक भाषेत त्याचा संबंध गर्भाशयाशी आहे. म्हणजे हे बायकांचं दुखणं, गर्भाशय असलेल्यांचं, अशी शतकानुशतकांची समजूत. मग मिशीवाल्या शिपायाला हिस्टेरिया झाला, म्हणजे तो बायकी निघाला. त्याची लाज काढली की तो सरळ होईल, असं अनेकांना वाटलं.

उपचारही तसेच. लंडनच्या एका मोठ्या दवाखान्यात लुईस येलंड नावाचे डॉक्टर विजेचे झटके देत. वाचा गेलेल्या एका चोवीस वर्षांच्या शिपायाला त्यांनी खोलीत कोंडून, घशाला विजेचे झटके देत चार तासांत बोलतं केलं आणि १९१८ साली ते अभिमानानं पुस्तकात छापलंही. बोलला तो. पण आतलं काय बरं झालं, हे कुणी विचारलं नाही.

त्याच वेळी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट दवाखान्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर वेगळं काही करत होते. हे रिव्हर्स युद्धाआधी आपल्या देशात येऊन गेलेले. निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्या चालीरीतींवर त्यांनी १९०६ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. परक्या माणसाचं निमूटपणे ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथंच लागली असेल, असं आम्हाला वाटतं. घरचे आणि डॉक्टर सगळे शिपायाला सांगत, ‘विसरून जा, दुसरं काहीतरी बघ.’ रिव्हर्सनी पाहिलं की दिवसभर जो आठवण दाबून ठेवतो, त्याला ती रात्री स्वप्नात येऊन गाठते. मग त्यांनी रुग्णांना ते बोलायला लावलं, थोडं थोडं, घाई न करता. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी यावर भाषण केलं आणि ते छापूनही आलं. पण क्रेगलॉकहार्ट हा अधिकाऱ्यांचा दवाखाना होता. अधिकाऱ्याला गप्पा, शिपायाला वीज. दुखणं एकच होतं.

आणि आपले शिपाई? त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. कुत-अल-अमारा इथं ती वेढ्यात सापडली. त्यात मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावं लागलं, आणि त्यानंतर कैदेत कित्येक जण मेले. जे परत आले, ते खेड्यातल्या घरी आले, आणि दवाखान्याच्या कुठल्याही वहीत त्यांच्या मनाची नोंद झाली नाही.

त्यांना घरी काही कळवायचं असतं तरी कसं कळवणार? फ्रान्समधल्या आपल्या शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असत. त्यांतले उतारे लंडनला आजही जपून ठेवलेत. लिहिता न येणारा शिपाई लिहिणाऱ्याला मजकूर सांगे, मग तो सेन्सॉर वाचे, आणि गावात शिकलेला कुणीतरी ओसरीवर बसून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवी. अशा पत्रात ‘मला भीती वाटते, मला झोप नाही’ हे बायकोला कोण सांगेल? मग ‘इकडं सर्व खुशाल’ एवढंच यायचं. आपल्या पणज्यांनी ते ‘खुशाल’ ऐकलं, आणि पुढं माणूस घरी आल्यावर काय पाहिलं ते त्यांच्यापाशीच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण शिकलेलं सगळं विसरून पुन्हा तेच झालं. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकेचा जनरल पॅटन लष्करी दवाखान्याच्या भेटीला गेला. अंगावर जखम नसलेला शिपाई खाटेवर दिसताच त्यानं त्याला भ्याड म्हणून थप्पड मारली. काही दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा तेच. त्याला माफी मागायला लावली, हा एवढाच फरक पडला.

खरी उलथापालथ झाली ती व्हिएतनामच्या युद्धात. तिथून परतलेल्या अमेरिकन शिपायांची त्यांच्या देशाला लाज वाटत होती, आणि कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा डॉक्टरांची जी अधिकृत आजारांची यादी होती, तिच्यात युद्धाच्या ताणाचं एक नाव १९५२ साली होतं. १९६८ च्या नव्या यादीत तेही काढून टाकलं. युद्ध पेटलेलं आणि आजार यादीतून गायब!

सप्टेंबर १९६९ मध्ये बोस्टन शहरातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात सारा हेली नावाची समाजसेविका नव्यानं कामाला लागली. तिच्याकडं आलेल्या एका शिपायानं सांगितलं, माय लाय नावाच्या गावात माझ्या सोबत्यांनी बायका-पोरांना मारलं, आणि बोललास तर तुलाही मारू म्हणून मला धमकावलं. हे हत्याकांड १९६८ च्या मार्चमध्ये घडलेलं होतं, पण तोवर जगाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या वरिष्ठांनी ठरवलं, या माणसाला भास होतात, वेड लागलंय. साराच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात गुप्त कामगिऱ्या केल्या होत्या. घरात अशा गोष्टी ऐकत ती वाढली होती. ती म्हणाली, हा माणूस खरं बोलतोय. थोड्याच दिवसांत बातमी फुटली. शिपाई खरं बोलत होता.

साधारण त्याच सुमाराला, १९७० च्या शेवटी, न्यूयॉर्कमध्ये काही माजी सैनिकांनी आपले आपणच गट बांधले. आठवड्यातून एकदा जमायचं, गोल बसायचं, आणि ज्याला जे बोलायचंय ते बोलायचं. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान या दोन मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावलं, पण डॉक्टर म्हणून वरच्या खुर्चीवर नव्हे, गोलात बसायला. मैत्रिणींनो, बचत गटाची बैठक ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं बळ वेगळं सांगायला नको. ‘माझ्या एकटीलाच असं होतं’ हे ओझं उतरतं कधी, तर शेजारचीनं ‘मलाही’ म्हटल्यावर. तिथं ते शिपायांच्या बाबतीत झालं. आणि त्याच वर्षांत, त्याच देशात, बायकाही अशाच गोल बसून घरातल्या आणि बाहेरच्या अत्याचारांबद्दल बोलू लागल्या होत्या.

आता पुन्हा बोस्टन. अॅन बर्जेस नावाची नर्स आणि लिंडा होल्मस्ट्रॉम नावाची समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी ठरवलं की शहरातल्या सरकारी दवाखान्यात बलात्कार झालेली बाई आली की दिवस असो वा रात्र, आपण जायचं आणि तिचं ऐकायचं. वर्षभर त्यांनी हे केलं. १९७४ साली त्यांनी लिहिलं की या बायकांना झोप येत नाही, वाईट स्वप्नं पडतात, बारीक आवाजानंही त्या दचकतात, ती जागा, तो रस्ता त्या टाळतात. शिपायांची लक्षणं ऐकलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटावं. त्याच वर्षी, त्याच शहरात सारा हेलीनं आपल्या शिपाई रुग्णांवरचा लेख छापला.

शिपायांच्या गटांनी, लिफ्टन-शातान-हेली अशा मंडळींनी रेटा लावला आणि १९८० च्या यादीत पीटीएसडी हे नाव आलं. शिपायाला युद्धात होतो तोच आजार बाईला बलात्कारानंतर आणि माणसांना भूकंपानंतरही होऊ शकतो, हे त्यातून मान्य झालं. पुढं जुडिथ हर्मन या डॉक्टर बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात हे धागे सविस्तर जोडून दाखवले. रणांगणावरचा शिपाई आणि घरात मार खाणारी बाई यांच्या मनाची जखम एकाच जातीची आहे. ज्या ‘हिस्टेरिया’वरून शिपायाला बायकी म्हणून हिणवलं, त्यात बाईही नाटक करत नव्हती आणि शिपाईही.

आजार आहे तरी काय? आपण म्हणतो, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. तसंच काहीसं, पण माणूस ते ठरवून करत नाही. जिवावर बेतलं की शरीर सावध होतं, छाती धडधडते, हातपाय तयार होतात. धोका टळल्यावर हे खाली यायला पाहिजे. या आजारात ते पुरतं खाली येत नाही. आठवण ‘ते तेव्हा झालं’ अशी मागं न राहता आत्ता घडतंय अशी अंगावर येते. दिवाळीचा आपटीबार, डिझेलचा वास, ट्रॅक्टरचा फाटकन आवाज, एवढं पुरतं. मग माणूस आठवण येईल अशा जागा टाळतो, माणसांत मिसळत नाही, त्याला प्रेम वाटेनासं होतं, चिडतो, पाठ भिंतीला लावून बसतो. महिन्याच्या वर हे चाललं आणि रोजच्या जगण्यात अडथळा आला, तर तपासून घ्यायचं. दारूनं झोप लागते असं वाटतं, म्हणून बरेच जण तिकडं वळतात, आणि एकाचे दोन आजार होतात.

प्रत्येक फौजीला हे होतं असं समजू नका. व्हिएतनामहून परतलेल्या पुरुषांची अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठी पाहणी झाली. त्यात शंभरातल्या सुमारे पंधरा जणांना त्या वेळी हा आजार होता, आणि कधी ना कधी होऊन गेलेले धरले तर शंभरात तीस. तिथं गेलेल्या बायका बहुतेक नर्स होत्या, बंदूक न चालवता मरणारी पोरं सांभाळणाऱ्या. त्यांच्यातही शंभरात सुमारे सत्तावीस जणींना आयुष्यात कधीतरी हा त्रास झालेला निघाला.

उपचारांची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडते. आज शिपायांसाठी ज्या दोन पद्धती सर्वांत खात्रीच्या मानतात, त्या दोन्ही आधी बलात्कार सोसलेल्या बायकांसोबत काम करताना पारखल्या गेल्या. एक एडना फोआ यांची. तज्ज्ञासमोर सुरक्षित जागी बसून ती घटना पुन्हा पुन्हा सांगायची, तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, आणि टाळलेल्या जागी हळूहळू जायला लागायचं. पहिल्यांदा सांगताना माणूस कोसळतो. पण सांगून सांगून ती आठवण आठवणच होते, धोका राहत नाही. दुसरी पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण बारा बैठकांची. तिच्यात मनात रुतलेली वाक्यं तपासतात. ‘मी ड्युटी बदलून घेतली म्हणून माझा सोबती मेला’, ‘मी त्या रस्त्यानं गेले म्हणून हे झालं’. शिपायाचं आणि बाईचं वाक्य किती सारखं आहे बघा. तज्ज्ञ ‘तसं नाही हो’ म्हणून समजूत घालत नाही. तेव्हा तुला काय माहीत होतं, काय करता येण्यासारखं होतं, असं विचारत विचारत तो माणसालाच तिथवर नेतो.

औषधंही आहेत. सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन ही त्यांतली मुख्य. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करायची नाहीत. नुसत्या झोपेच्या गोळ्या हा या आजारावरचा उपाय नव्हे. सगळेच पूर्ण बरे होतात असंही नाही, काही जण उपचार अर्धवट सोडतात. पण वीस-तीस वर्षांचं जुनं दुखणंही हलतं, हे पुष्कळदा दिसलंय.

घरातल्या बाईनं काय करावं, हेही फोनवर विचारलं होतं. झोपेत ओरडणाऱ्याला हलवून उठवू नका. पायाशी जरा लांब उभं राहून नावानं हाक मारा, दिवा लावा. ‘काय झालं तिकडं, सांगा ना’ म्हणून खोदून विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका, आणि मध्येच ‘जाऊ दे, विसरा आता’ म्हणू नका. फटाके वाजणार असतील तर आधी सांगून ठेवा. मात्र एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. आजार असला तरी मारहाण सोसायची नाही. त्याच्यावर उपचार होतील, पण तोवर तुम्ही आणि पोरं सुरक्षित असली पाहिजेत. त्यासाठी १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, आणि तातडीला ११२.

हॅरी फारची मुलगी गर्टी म्हातारपणापर्यंत लढली. तिचं म्हणणं एवढंच, माझा बाप भ्याड नव्हता, आजारी होता. शेवटी इंग्लंडच्या सरकारनं २००६ साली हॅरीसह ३०६ शिपायांना माफी दिली. गर्टी तेव्हा ९३ वर्षांची होती. तिच्या आईला ते पाहायला मिळालं नाही.

आपल्याकडं मनाच्या आजारांसाठी टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. सैन्यदलातली माणसं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी तिचा एक खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालतो. माजी सैनिकांचं ईसीएचएस कार्ड असेल तर त्या दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञाकडं चिठ्ठी मिळते. कार्ड नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जा, आणि कागदपत्रं अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. १४४१६ वर मराठीत बोलता येतं. फोन फौजीनंच करायला पाहिजे असं नाही. तो तयार नसेल तर आधी तुम्ही करा.